हिरवा होईपर्यंत : पहाटे उठणाऱ्या मुलांसाठीचं रंग बदलणारं घड्याळ

आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना इथूनच मागे फिरता येईल. हे घड्याळ मुलाला जास्त वेळ झोपवत नाही. खोक्यावर गाढ झोपलेल्या बाळाचं चित्र असतं, त्याला भुलू नका. पावणेपाचला उठणारं मूल घड्याळ आणल्यावरही पावणेपाचलाच उठतं. फरक पडतो तो त्यानंतर. "अजून सकाळ झाली नाही" हे सांगायचं काम आईकडून निघून एका प्लास्टिकच्या दिव्याच्या गळ्यात पडतं. मला तेवढंच हवं होतं आणि तेवढं मिळालं. तुम्हाला मिळेल का, हे मूल किती वर्षांचं आहे, रात्री किती वाजता झोपतं आणि तुम्ही कामावरून घरी किती वाजता पोचता यावर ठरेल.

वस्तू अशी : मुठीपेक्षा थोडी मोठी, गोलसर, आतून उजळणारी. पुढे वेळेचे आकडे, मागे बटणं, खाली स्पीकरची जाळी. रात्रभर लाल, उठायची वेळ जवळ आली की पिवळा, वेळ झाली की हिरवा. काही घड्याळांवर डोळे मिटलेला चेहरा असतो आणि तो ठरल्या वेळी डोळे उघडतो. काहींवर रात्री तारा आणि सकाळी सूर्य. दुपारच्या झोपेसाठी वेगळा टायमर बहुतेकांत असतो, पंख्याचे किंवा पावसाचे आवाजही असतात. वरच्या श्रेणीची घड्याळं फोनवरून चालतात. आमच्याकडचं बिनअॅपचं आहे, वायर लावून चालणारं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या सगळ्या घड्याळांचं पोट साधारण सारखंच आहे आणि मी ज्या खोडी सांगणार आहे त्या मैत्रिणींकडच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या घड्याळांतही सापडल्या.

हवी ती वेळ लावता येणाऱ्या यांत्रिक गजराच्या घड्याळाचं पेटंट फ्रान्समध्ये आंत्वान रेदिए याने १८४७ साली घेतलं. तेव्हापासून घड्याळं माणसांना उठवायला झटताहेत. उठलेल्याला "पडून राहा" म्हणणारं घड्याळ काढायची वेळ बहुधा नोकरी करणाऱ्या आयांमुळेच आली असावी.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर तपासते. एखादी गोष्ट नीट चालते का यापेक्षा ती कुठे बिघडते हे शोधण्याचा मला पगार मिळतो, त्यामुळे घरात आलेली वस्तूही मी तशीच बघते. पण खोडींकडे यायच्या आधी मुलं पहाटे का उठतात, ते थोडं बोलू. ते माहीत नसेल तर हा दिवा घेऊन काही उपयोग नाही.

झोपेवर दोन गोष्टींचा ताबा असतो, अशी मांडणी अलेक्झांडर बोर्बेली या संशोधकाने १९८२ साली केली आणि झोपेवर काम करणारे आजही ती वापरतात. एक म्हणजे झोपेची ओढ. जागं राहिलं की ती साठत जाते आणि झोपलं की उतरते. दुसरं, शरीराचं आतलं घड्याळ, जे मुख्यतः उजेडावर जुळवून घेतं. रात्रीच्या पहिल्या भागात मूल इतकं गाढ झोपलेलं असतं की कपडे बदलले तरी त्याला कळत नाही. पहाटे चार-पाचपर्यंत ती ओढ जवळजवळ संपलेली असते, झोप उथळ आणि स्वप्नांनी भरलेली असते, झोपेचं संप्रेरक मेलाटोनिन उतरणीला लागलेलं असतं आणि जागं करणारं कॉर्टिसोल चढायला लागलेलं असतं. त्या वेळी आपणही अर्धवट जागे होतो. कूस बदलतो, पुन्हा झोपतो, सकाळी काही आठवत नाही. तीन वर्षांच्या मुलाला त्याच क्षणी पडद्याच्या फटीतून उजेड दिसला, खाली कुणाची गाडी सुरू झाली, डायपर ओला लागला किंवा पलीकडे आईच्या लॅपटॉपचा निळसर प्रकाश दिसला, की त्याच्यापुरता दिवस सुरू झाला. आणि एकदा उजेडात आलं, खेळणं झालं, पोटात काही गेलं, की आतलं घड्याळ तीच वेळ पक्की करतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शनिवार-रविवार या घड्याळाला ठाऊक नसतात.

म्हणून दिवा घेण्याआधी एक कागद घ्या आणि बेरीज करा. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ साली जे आकडे दिले, त्यांत एक ते दोन वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ११ ते १४ तास आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास झोप सांगितली आहे, दोन्हींत दुपारची झोप धरून. आता समजा तुमची तीन वर्षांची मुलगी साडेसातला झोपते, साडेपाचला उठते आणि पाळणाघरात दुपारी दीड तास झोपते. साडेअकरा तास झाले. तिची झोप पूर्ण आहे. तिच्यात बिघाड नाही, तिचं आणि तुमचं वेळापत्रक जुळत नाही इतकंच. अशा मुलीला कोणताही दिवा साडेसहापर्यंत झोपवणार नाही. एक तर ती रात्री उशिरा झोपायला हवी किंवा दुपारची झोप थोडी कमी व्हायला हवी. याउलट बेरीज नऊ-साडेनऊच्या आसपास येत असेल, दिवसभर चिडचिड असेल, मूल झोपेत घोरत असेल किंवा तोंडाने श्वास घेत असेल, तर घड्याळाचं दुकान नंतर, आधी डॉक्टर.

आमच्या चिरंजीवांची बेरीज जेमतेम दहा भरत होती, म्हणजे सुधारायला जागा होती. पण ही जागा शोधताना जे सल्ले समोर येतात ते वाचून मी वैतागले. सगळीकडे एकच : मूल फार थकलं की पहाटे लवकर उठतं, म्हणून त्याला लवकर झोपवा, सातला झोपवा. कुणीतरी मला सांगावं, साडेसहाला घरात पाऊल टाकणाऱ्या बाईने सातला मूल कसं झोपवायचं? म्हणजे चपला काढायच्या, हात धुवायचे, त्याच्या तोंडात चार घास कोंबायचे आणि दिवा मालवायचा? मग दिवसात तो मला भेटला कधी? संध्याकाळचा हा तास-दीड तास नोकरी करणाऱ्या आईला इतका प्रिय असतो की तो काढून घेणारा सल्ला कितीही शास्त्रशुद्ध असला तरी मनातून पटत नाही. मुलालाही पटत नाही. दिवसभर न भेटलेली आई समोर असताना कोण झोपेल? मग साडेआठ, नऊ, सव्वानऊ. मूल थकून चूर, आणि पहाटे पावणेपाचला कॉटच्या कठड्याला धरून उभं.

या गुंत्यात दिव्याने खरी मदत केली, आणि ती खोक्यावर छापलेली नाही. मी आमची भेटायची वेळ संध्याकाळवरून सकाळवर नेली. हिरवा झाल्यापासून मी बाहेर पडेपर्यंतचा वेळ आता त्याचा. त्या वेळात फोन नाही, डबे नाहीत, केस विंचरणं नाही. तो रुळांचे तुकडे जोडतो आणि मी शेजारी जमिनीवर बसते. सकाळ अशी भरगच्च झाल्यावर संध्याकाळी त्याला अर्धा-पाऊण तास आधी झोपवताना माझा जीव तितका तुटत नाही आणि तोही पूर्वीइतका चिकटत नाही. डबे, आंघोळ, इस्त्री, रात्री आलेले निरोप हे सगळं लाल दिव्याच्या वेळात होतं. म्हणजे मी पूर्वीइतकीच लवकर उठते. झोप वाढली नाही. पण आता मी एकटी उठते आणि मला ठाऊक असतं की सव्वासहापर्यंतचा वेळ माझा आहे. पूर्वी एक डोळा घड्याळावर आणि एक कान त्याच्या खोलीकडे ठेवून मी कामाला लागायची आणि कोणतंही काम पुरं व्हायचं नाही. लहान मूल असलेल्या बाईला झोपेइतकीच गरज असते ती वेळ कधी संपणार हे आधी कळण्याची. ती गरज हा दिवा भागवतो.

दुसरी एक गोष्ट बदलली, तिचा विचार मी केलाच नव्हता. पूर्वी पहाटे तो माझ्याच बाजूला यायचा. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला त्याचे बाबा झोपलेले असत, पण तो वळसा घालून माझ्याकडे येणार आणि माझ्याच पापण्या उघडून बघणार. यात नवऱ्याचा दोष नव्हता, त्याला जाग यायचीच नाही. आता मूल आपल्या खोलीत थांबतं आणि हिरवा झाला की मोठ्यांपैकी कुणीतरी आत जातं. कुणी जायचं ते आदल्या रात्री ठरतं. दिवा "आई" अशी हाक मारत नाही, त्यामुळे पाळी वाटून घेता आली. महिनाअखेरीस माझी कामं रात्री उशिरापर्यंत चालतात, तेव्हा हिरव्याची पाळी बाबांची. हे आम्ही कितीदा तरी बोलून ठरवलं होतं. ते प्रत्यक्षात आलं दिवा आल्यावर.

आता बसवायचं कसं. माहितीपुस्तिकेत फक्त कोणतं बटण किती वेळ दाबायचं ते असतं, खरी गोष्ट नसते. मूल पावणेपाचला उठत असेल तर हिरवा साडेसहाला लावू नका. पावणेदोन तास लाल दिव्याकडे बघत बसणं तीन वर्षांच्या मुलाच्या कुवतीबाहेरचं आहे. तो एकदा रडून बाहेर आला की त्याच्या लेखी दिव्याला काही अर्थ उरत नाही. हिरवा चार पन्नासला लावा. हो, चार पन्नासला. त्याला पाचच मिनिटं थांबायला लागू दे. हिरवा होतो, दार उघडतं, कौतुक होतं. हे त्याच्या अंगवळणी पडलं की दर तीन-चार दिवसांनी पाच-दहा मिनिटं पुढे सरका. कंटाळवाणं काम आहे आणि पहिला आठवडा तुम्हाला वाटेल की आपण पहाटे पाचची वेळ अधिकृत करून टाकली. धीर धरा.

दिवसा त्याचा खेळ करा. आम्ही अस्वलाला झोपवायचो, लाल लावायचो, अस्वल उठून बसायचं, चिरंजीव त्याला दटावायचे : "लाल आहे, झोप!" स्वतःला लागू होण्याआधी नियम दुसऱ्याला लावायला मिळाला की मुलांना तो फार लवकर पटतो. मोठ्यांचंही तसंच असतं म्हणा.

लाल असताना काय चालतं, हेही आधी सांगायला हवं. "झोप" असं सांगून उपयोग नाही, कारण झोप कुणाच्या हुकमावर येत नाही. अंथरुणात राहायचं, हळू बोलायचं, पायाशी ठेवलेल्या टोपलीतली पुस्तकं बघायची, अस्वलाला गोष्ट सांगायची. आवाज करणारी आणि उजेड पाडणारी खेळणी त्या टोपलीत नकोत. आणि शू लागली, पोटात दुखलं, भीती वाटली, अंग गरम वाटलं, तर लाल दिवा लागू नाही, सरळ हाक मारायची. हा अपवाद मी त्याच्याकडून वदवून घेतला. दिव्याच्या धाकाने मूल ओल्यात पडून राहिलं तर कसली शिस्त ती!

मोठ्यांनी पाळायचं एकच, पण ते कडक. हिरवा झाला की लगेच जायचं. "एक मेल पाठवून येते" नाही. त्याने त्याचा शब्द पाळला, आता आपली पाळी. दुसरं असं, की लाल असताना तो उठून आला तर न रागावता, न गप्पा मारता, परत अंथरुणात. खोलीतला दिवा लावायचा नाही, मांडीवर घ्यायचं नाही, काही खायला द्यायचं नाही. पहाटे काही खायला मिळायला लागलं की पोटही त्या वेळेची वाट बघायला लागतं.

आता खोडी.

सगळ्यात मोठी खोड हिरव्या रंगाची. आमच्या घड्याळाचा लाल कमी-जास्त करता येतो, पण हिरवा ठरलेल्या तेजाने लागतो आणि अंधाऱ्या खोलीत तो चांगलाच झगझगीत असतो. परिणाम असा की ज्या दिवशी मूल नशिबाने झोपून राहिलं, त्या दिवशी सव्वासहाला हे घड्याळच त्याला उठवतं! ज्याने उठवायचं नाही म्हणून आणलं तेच उठवतंय. तपासनीस म्हणून मी याला वरच्या दर्जाचा दोष म्हणेन. उपाय म्हणून मी ते त्याच्या तोंडासमोरून काढून पायाच्या बाजूला, कपाटाकडे तोंड करून ठेवलं. आता हिरवा कपाटाच्या दारावर पसरतो. उठलेल्याला दिसतो, झोपलेल्याला टोचत नाही. एका मैत्रिणीने पांढऱ्या कागदाची दुहेरी चिकटपट्टी लावली. तेही चालतं.

रंगांचं आणखी एक. तारा-सूर्याच्या घड्याळांत रात्रीचा पडदा निळा असतो, ती मी घेतली नाहीत. डोळ्यातल्या ज्या पेशी आतल्या घड्याळाला दिवस-रात्र कळवतात त्या सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळ्या उजेडाला सगळ्यांत जास्त दाद देतात, लालला फार कमी. आणि लहान मुलं या बाबतीत आपल्यापेक्षा हळवी असतात. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या संशोधकांनी २०२२ साली तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला, तेव्हा झोपेआधीच्या तासात मंद उजेडानेही त्यांचं मेलाटोनिन मोठ्या प्रमाणात खाली आलं. झोपवायच्या खोलीत रात्रभर निळा दिवा कशाला मग? घड्याळ लालच घ्या, आणि लालही अगदी मंद होतं का ते बघा.

दुसरी खोड बटणांची. प्रत्येक बटण दाबलं की "टी" असा आवाज होतो आणि तो बंद करता येत नाही. मूल झोपल्यावर उद्याची वेळ बदलायची म्हणजे घड्याळ काखेत घेऊन दुसऱ्या खोलीत जायचं. बटणांना कुलूप आहे, पण ते दर वेळी हाताने लावावं लागतं. हे महत्त्वाचं का, तर एके दिवशी पहाटे आमच्या दारात एक आकृती उभी राहिली, हातात हिरवागार दिवा धरून, वायर मागे लोंबकळत. "आई, हिरवा झाला!" पाच वाजायला बराच अवकाश होता. मागचं मोठं बटण दाबलं की रंग बदलतो हे त्याने आपलं आपण शोधून काढलं होतं. खरं सांगते, तपासायच्या कामाला असा माणूस हवा.

तिसरी, वीज. वीज गेली की घड्याळ बारावर येऊन लुकलुकतं आणि मग हिरवा भलत्याच वेळी होतो. वेळ जपायला आत बॅटरीची सोय असते काहींत, आमच्यात नाही. वायरवर चालणारं असल्याने वायर कॉटपासून निदान तीन फूट लांब हवी, ओढून गळ्याभोवती यायला नको. सोबत छोटा रिमोट येत असेल तर त्यातली चपटी गोल बॅटरी आधी बघा. ती मुलाने गिळली तर अन्ननलिका काही तासांत भाजते, इतकी ती धोक्याची आहे. झाकणाला स्क्रू नसेल तर रिमोट घरात ठेवूच नका.

स्पीकरबद्दल थोडक्यात. आवाज चालू ठेवला की बाहेरच्या गाड्या, कुत्री, पाण्याचे पंप यांनी दचकून उठणं कमी होतं, हे खरं. पण आमच्या घड्याळातला पाऊस दर अर्ध्या मिनिटाने किंचित अडखळतो आणि एकदा ते लक्षात आलं की मोठ्या माणसाला झोप लागत नाही. मुलाला काही फरक पडत नाही. आवाजाची पातळी मात्र सांभाळा. 'पीडियाट्रिक्स' या मासिकात २०१४ साली छापलेल्या एका अभ्यासात बाळांसाठीची अशी १४ यंत्रं तपासली, तेव्हा जवळून आणि पूर्ण आवाजात त्यांतल्या तीन यंत्रांचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला. कारखान्यात एवढ्या आवाजात आठ तास काम करायचं तर कानांना संरक्षण द्यावं लागतं. तेव्हा यंत्र उशाशी नको, दोन मीटर लांब आणि हळू. आम्ही साधा पंखा लावतो, स्पीकर बंद असतो.

फोनवर चालणाऱ्या घड्याळांबद्दल माझं मत पक्कं नाही. एका मैत्रिणीकडे तसलं आहे. घरातलं वायफाय गेलं की ते बदलाबदली ऐकत नाही, आणि चालू करायला खातं उघडा, नाव द्या, मुलाचं वय द्या. एका दिव्याला माझ्या मुलाचं वय कशाला हवं? पण ती कामासाठी महिन्यातून दोनदा परगावी जाते आणि हॉटेलच्या खोलीतून त्याचा हिरवा दहा मिनिटं पुढे-मागे करते. दुसऱ्या दिवशी फोनवर मूल विचारतं, "तू केलास ना हिरवा?" तिला त्यातून जे मिळतं ते मी माझ्या गुणतक्त्यात कुठे बसवू?

कुणी घेऊ नये, तेही सांगते. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर नको. रंग ओळखता येणं वेगळं आणि रंग बदलेपर्यंत थांबता येणं वेगळं. आमच्याकडे अडीच वर्षांच्या आसपास जमायला लागलं, शेजारच्या मुलीला तीन पूर्ण व्हावी लागली. मूल तुमच्याच शेजारी झोपत असेल तरी नियम लावता येतो, पण फळ निम्मं. तुम्ही उठलात की तेही उठणार, अंगाची ऊब गेली की त्याला कळतंच. आणि दुपारची झोप आधी तपासा. आमच्याकडे पाळणाघरात मुलं साडेअकरालाच आडवी करायचे. पहाटे उठणाऱ्या मुलाला इतक्या लवकर दुपारची झोप मिळाली की पहाटेच्या झोपेतली कसर तिथे भरून निघते आणि पहाटेचं उठणं पक्कं होतं. तिथल्या ताईंशी बोलून त्याची झोप हळूहळू साडेबारापर्यंत नेली. त्यांनी मनावर घेतलं, म्हणून जमलं. एका मुलासाठी वेळ बदलणं सोपं नसतं, बाकीची दहा जागी असतात.

घड्याळ विकत न घेताही हे करता येतं. ठरल्या वेळी चालू होणारा टायमरचा प्लग आणि त्यात छोटा मंद बल्ब. दिवा लागला की उठायचं, एवढा एकच नियम. रंग नाहीत, आवाज नाही, बटणं मुलाच्या हाताला येत नाहीत. आकडे ओळखणाऱ्या मुलासाठी याहून साधं : आकड्यांचं घड्याळ घ्या, मिनिटांवर चिकटपट्टी लावा आणि पुढे सहा दिसला की बाहेर यायचं असं ठरवा. यात पाच-पाच मिनिटांनी पुढे सरकणं जमत नाही, पण पाच वर्षांच्या मुलाला ते लागतही नाही.

आणि श्रेय ज्याचं त्याला. आमचा हिरवा आता सव्वासहाला होतो आणि आठवड्यातले काही दिवस मूल तोपर्यंत खरोखर झोपलेलं असतं. ही जादा झोप दिव्याने दिलेली नाही. ती जाड पडद्यांनी, दुपारच्या बदललेल्या वेळेने आणि संध्याकाळच्या त्या अर्ध्या-पाऊण तासाने दिली. पडदा लावताना वरची दांडी आणि बाजूच्या फटी विसरू नका, उजेड तिथूनच येतो. दिवसा खोलीत जाऊन दार लावा, दोन मिनिटं थांबा, आणि तुम्हाला स्वतःचा हात दिसत असेल तर अजून फट आहे.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा झगझगीत हिरव्यासाठी कापला, अर्धा वीज गेल्यावर बारावर येण्यासाठी, आणि अर्धा त्या "टी" आवाजासाठी, जो रात्री साडेनऊला शेजाऱ्यांनाही ऐकू जात असावा. घेणार असाल तर दुकानात लावून बघू नका, तिथल्या झगमगाटात सगळेच दिवे मंद वाटतात. घरी आणा, रात्री पडदे ओढून हिरवा लावा आणि मुलाच्या उशीवर डोकं टेकून स्वतः बघा, परत करायची मुदत संपायच्या आत.